‘एन-१ अस्पष्ट’ : किशोरवयातला मेंदू आवाजाला कसं उत्तर देतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेबारा वर्षांचा, सातवीत. घरी चार हाका मारल्याशिवाय ओ देत नाही. वर्गात गलका असला की बाईंचं बोलणं त्याच्याकडून सुटतं, अशी शाळेची तक्रार. ऑडिओग्राम (किती हळू आवाज ऐकू येतो याची चाचणी) नॉर्मल, बेरा (श्रवणनसेची चाचणी) नॉर्मल. मग एका ठिकाणी ‘लेट लेटन्सी’ चाचणी (आवाजाला मेंदूच्या सालीकडून मिळणाऱ्या उत्तराचा आलेख; हिलाच कॉर्टिकल चाचणीही म्हणतात) झाली आणि रिपोर्टात लिहून आलं : ‘एन-१ अस्पष्ट, पी-१ उशिरा, एन-२ मोठा, मध्यवर्ती श्रवणदोषाची शक्यता.’ सोबत सहा महिन्यांची थेरपी सुचवली. आईने तीन गोष्टी विचारल्या आहेत : याचा मेंदू आवाज नीट घेत नाही का? थेरपी लावावी का? आणि गाण्याच्या क्लासने फरक पडतो म्हणतात, ते खरं का?

ताई, आधी माझं मत सांगते, कारणं मागून येतील. त्या ओळीत मला आजार दिसत नाही. साडेबारा वर्षांच्या मुलाचा त्याच्या वयाला साजेसा आलेख दिसतो, आणि वाचणाऱ्याने तो मोठ्या माणसाच्या आलेखाशेजारी ठेवलेला दिसतो. ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करताना हा गोंधळ मी वारंवार पाहते. ‘नॉर्मल’चा जो तक्ता हाताशी असतो तो बहुधा प्रौढांचा असतो, आणि बारा-तेराव्या वर्षीचा मेंदू आवाजाच्या बाबतीत प्रौढ झालेला नसतो. वर्गातल्या गलक्याची तक्रार मात्र मी या रिपोर्टाशी बांधणार नाही आणि सोडूनही देणार नाही. ती वेगळी तपासायची आहे.

आवाज कानात शिरल्यापासून कळेपर्यंत अर्धा सेकंदही जात नाही. तेवढ्यात तो बरीच ठाणी ओलांडतो आणि प्रत्येक ठाणं वेगवेगळ्या वयात तयार होतं. आतला कान जन्माआधीच पुरता बनलेला असतो. सातव्या महिन्याच्या आसपास पोटातलं बाळ मोठ्या आवाजाला हलतं, ते त्यामुळेच. त्यापुढची श्रवणनस आणि ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ) यांचं काम बेरा चाचणी पाहते : आवाज दिल्यानंतरचे पहिले दहा मिलिसेकंद. ज्युएट आणि विलिस्टन यांनी १९७१ मध्ये या तरंगांचं नीट वर्णन केलं, आणि आजही आपण त्यांतला पाचवा तरंग सगळ्यात आधी शोधतो. मोठ्या आवाजाला तो प्रौढांत साधारण साडेपाच ते सहा मिलिसेकंदांवर येतो. नवजात बाळात सुमारे एक मिलिसेकंद उशिरा येतो, आणि दोन वर्षांचं होईपर्यंत मूल या बाबतीत मोठ्यांच्या जवळ पोचतं. गंमत म्हणजे शाळकरी वयात काही काळ हा प्रतिसाद मोठ्यांपेक्षाही किंचित लवकर येतो आणि मग पुन्हा मागे सरकून प्रौढांच्या जागी स्थिरावतो. म्हणजे वाढ सरळ रेषेत चालत नाही, हे अगदी खालच्या ठाण्यापासूनच दिसतं.

तुमच्या मुलाची ही पायरी पक्की आहे. पुढची पायरी मेंदूच्या सालीवरची, कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेल्या श्रवणक्षेत्राची. इथली गोष्ट पन्नासेक ते काही शंभर मिलिसेकंदांत चालते. पॉलीन डेव्हिस यांनी १९३९ मध्ये जाग्या माणसाच्या ईईजीवर (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून काढलेल्या मेंदूच्या विजेच्या आलेखावर) आवाजाला मिळणारं हे उत्तर पहिल्यांदा नोंदवलं. त्याला आपण पी-१, एन-१, पी-२, एन-२ अशी नावं देतो. ‘पी’ म्हणजे धन बाजूला जाणारा तरंग, ‘एन’ म्हणजे ऋण बाजूला जाणारा. प्रौढ माणसात पी-१ साधारण ५०-६० मिलिसेकंदांवर येतो आणि छोटासाच असतो. एन-१ शंभराच्या आसपास येतो आणि ठसठशीत दिसतो. मग दोनशेच्या जवळ पी-२. एन-२ मोठ्यांत नुसता आवाज ऐकताना जवळजवळ दिसत नाही.

लहान मुलाचा आलेख याच्या उलटा असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलात एकच मोठा धन उंचवटा दिसतो, तो पी-१, शंभर मिलिसेकंदांच्या आसपास. त्यामागून दोनशे-अडीचशेच्या सुमारास एक रुंद, खोल दरी, ती एन-२. एन-१ दिसतच नाही. नवजात बाळात पी-१ तीनशेच्या आसपास असतो. तो तिथून सरकत शाळेत जायच्या वयात शंभरावर येतो आणि पुढे किशोरवयभर आणखी खाली उतरत राहतो. आठ-दहाव्या वर्षी पी-१ आणि एन-२ यांच्या मधोमध एक बारीकशी खाच पडू लागते. तीच एन-१ची सुरुवात. पुढची काही वर्षं पी-१ बुटका होत जातो, एन-२ भरत जाते, आणि त्या दोघांच्या मधून एन-१ वर येतो. पाँटन, एगरमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली पाच ते वीस वर्षांच्या मुलांचे आलेख मांडले, त्यात हा प्रवास स्पष्ट दिसतो. दहाव्या वर्षाच्या आसपास पी-१ची उंची झपाट्याने कमी होते आणि एन-१ला प्रौढ रूप यायला किशोरवयाचा शेवट उजाडतो.

आता तुमचा रिपोर्ट पुन्हा वाचा : एन-१ अस्पष्ट, पी-१ उशिरा, एन-२ मोठा. प्रौढाच्या तुलनेत तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि साडेबाराव्या वर्षी तिन्ही अपेक्षित आहेत.

यात एक तांत्रिक बारकावा आहे, आणि रिपोर्ट देणाऱ्याला तुम्ही तो जरूर विचारावा. दोन आवाजांमध्ये किती अंतर ठेवलं होतं? एन-१ तयार करणाऱ्या पेशींना एकदा उत्तर दिल्यावर सावरायला वेळ लागतो, आणि मुलांत तो जास्त लागतो. टक-टक-टक असे अर्ध्या सेकंदाला आवाज दिले तर अकरा वर्षांच्या मुलात एन-१ बुडून जातो. त्याच मुलाला एकेका सेकंदाहून जास्त उसंत दिली की तोच तरंग वर येताना दिसतो. चाचणी लवकर उरकायची म्हणून आवाजाचा वेग वाढवला की ‘अस्पष्ट’ हा शेरा फुकटात मिळतो. दुसरा प्रश्न : मूल जागं होतं का? ही चाचणी बेरासारखी झोपवून करायची नसते. डोळ्यांवर झापड आली की एन-१ लहान होतो आणि एन-२ वाढते, म्हणजे नेमकं तुमच्या रिपोर्टातलंच चित्र. दुपारी जेवून आलेल्या मुलाला अंधाऱ्या, गार खोलीत आरामखुर्चीवर बसवलं तर काय होणार! आम्ही आवाज बंद केलेलं कार्टून लावतो आणि मुलाच्या डोळ्यांवर नजर ठेवतो. तिसरा प्रश्न : तुलना कोणत्या वयाच्या आकड्यांशी केली? या तिन्हींची उत्तरं रिपोर्टावर नसतील तर त्या एका ओळीवर सहा महिने आणि हजारो रुपये लावू नका.

तरंग लहान होणं हे ऐकायला वाईट वाटतं, म्हणून त्यावर जरा थांबते. किशोरवयातल्या श्रवणाचं सगळ्यात जास्त गैरसमज करून देणारं अंग तेच आहे. आपण डोक्यावर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडला एकेक पेशी दिसत नाही. लाखो पेशी एकाच क्षणी, एकाच दिशेने काम करतात तेव्हा मायक्रोव्होल्टमध्ये मोजता येईल एवढी चुणूक कवटीबाहेर येते, तीही शंभरेक वेळा आवाज देऊन सरासरी काढल्यावर. शाळेच्या मैदानावरच्या लेझीम पथकासारखं समजा. मुलं पुष्कळ पण ताल सैल, तर आवाज दांडगा आणि पसरट येतो. निम्मी मुलं कमी केली आणि उरलेल्यांचा ताल जमला, तर आवाज लहान पण धारदार येतो. मुलांच्या आलेखातले रुंद, मोठे तरंग पहिल्या प्रकारचे आहेत.

पेशींच्या पातळीवर काय घडतं याचे काही धागे हाताशी आहेत. हटनलोकर आणि दाभोळकर यांनी १९९७ मध्ये मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंवरून दाखवलं, की श्रवणक्षेत्रातल्या पेशींचे आपसातले जोड जन्मानंतर तीन महिन्यांच्या आसपास सर्वांत दाट असतात. मग नको असलेले जोड काढून टाकण्याचं काम सुरू होतं. श्रवणक्षेत्रात ते साधारण बाराव्या वर्षापर्यंत आटोपतं, तर कपाळामागच्या निर्णयक्षेत्रात त्याच्याही पुढे किशोरवयाच्या मध्यापर्यंत चालतं. जीन मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रवणक्षेत्राचे थर वेगवेगळे तपासले. खालचे थर, जिथे कानाकडून आलेली बातमी उतरते, पाचव्या वर्षाच्या सुमारास वयात येतात. वरचे थर, जे दोन्ही बाजूंच्या श्रवणक्षेत्रांना आणि बाकी मेंदूला जोडतात, अकरा-बारा वर्षांपर्यंत घडत राहतात. आठव्या-दहाव्या वर्षानंतरच एन-१ डोकं वर काढतो, याचा या वरच्या थरांशी संबंध जोडला जातो आणि मला तो पटतो. त्यात मज्जातंतूंवरचं चरबीचं वेष्टन जाड होत जातं, बातमी लवकर पोचते, म्हणून तरंग डावीकडे सरकतात.

झोपेतही हेच दिसतं. गाढ झोपेतल्या संथ ईईजी तरंगांची ताकद बारा ते सोळा या वयात निम्म्याहून खाली येते. फाइनबर्ग आणि कॅम्पबेल यांनी त्याच मुलांना वर्षानुवर्षं मोजून हे नोंदवलं. त्या मुलांची झोप बिघडलेली नव्हती. मेंदूची आवराआवर चालू होती.

सगळंच लहान होतं असं मात्र समजू नका. सेकंदाला चाळीस ठोके या वेगाने आवाज दिला तर श्रवणक्षेत्र त्या तालाला धरून चालतं. हा चाळीस हर्ट्झचा प्रतिसाद गालाम्बोस यांनी १९८१ मध्ये वर्णिला. तो लहानपणी दुबळा असतो आणि किशोरवयातून जाताना भक्कम होतो. ताल धरायचा तर पेशींना फक्त पेटवून चालत नाही, वेळेवर विझवावंही लागतं. ते काम करणाऱ्या दाबक पेशींची जाळी याच वयात पक्की होते. स्किझोफ्रेनियासारखा आजार किशोरवयाच्या शेवटी तोंड वर काढतो आणि त्या रुग्णांत हा प्रतिसाद सरासरीने कमी आढळतो, म्हणून मनोविकारांवर संशोधन करणारे या मोजमापाच्या मागे लागले आहेत. ते संशोधन गटांच्या सरासरीवर उभं आहे. एकट्या मुलाच्या आलेखावरून असलं भाकीत कोणी करू लागलं तर तिथून उठून यावं.

लक्ष देऊन आवाज मोजायला लावला की येणारा पी-३०० नावाचा तरंगही मुलांत उशिरा येतो. किशोरवयभर तो हळूहळू लवकर येत जातो आणि विशीच्या आसपास सर्वांत लवकर येऊ लागतो. वेगळा आवाज आला की मेंदू आपण लक्ष न देताही जी दखल घेतो, नाटानेन यांनी १९७८ मध्ये दाखवलेली, ती मात्र लहानपणीच बऱ्यापैकी तयार असते.

ब्रेनस्टेमबद्दल मी वर ‘पायरी पक्की’ म्हटलं, ते क्लिकसारख्या साध्या आवाजापुरतं. बोलण्यातला एखादा अक्षरखंड, समजा ‘दा’, हजारो वेळा ऐकवला तर ब्रेनस्टेम आणि त्याच्या वरची केंद्रं त्या आवाजाची लय आपल्या विजेत जवळजवळ जशीच्या तशी उतरवतात. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नीना क्राउस यांच्या प्रयोगशाळेने यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी चौदाव्या वर्षी तपासलेली मुलं पुढे सतराव्या वर्षाच्या सुमारास पुन्हा तपासली, तेव्हा हाही प्रतिसाद त्या काळात बदलत असल्याचं दिसलं. दोन भाषा बोलणाऱ्या किशोरांत आवाजाचा मूळ सूर गोंगाटातही जास्त ठळक उतरतो, हे त्यांनी २०१२ मध्ये स्पॅनिश-इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर दाखवलं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि गल्लीत हिंदी अशा आपल्या मुलांच्या आयांना हे वाचून बरं वाटेल, पण आपल्या मुलांवर तसाच मोठा अभ्यास झाल्याशिवाय मी त्याची बढाई मारणार नाही. आईचं शिक्षण कमी असलेल्या घरांतल्या किशोरांचे प्रतिसाद जास्त विस्कळीत आढळले, असंही याच गटाने २०१३ मध्ये मांडलं. त्यात आईचा दोष शोधू नये. घरातला गोंगाट, गर्दी आणि मुलाशी बोलायला मिळणारा वेळ यांच्याकडे बोट दाखवणारी ती गोष्ट आहे.

मुली आणि मुलगे यांच्यातला फरकही लहानपणी फारसा नसतो, तो वाढीच्या काळात उघड होतो. मोठेपणी बायकांचा बेराचा पाचवा तरंग पुरुषांपेक्षा थोडा लवकर येतो, साधारण दोन दशांश मिलिसेकंदांनी.

आता चार हाकांचं. स्टॅनफर्डच्या डॅनियल अब्राम्स आणि विनोद मेनन यांनी २०२२ मध्ये सात ते सोळा वर्षांच्या मुलांना एमआरआय यंत्रात दोन प्रकारचे आवाज ऐकवले : स्वतःच्या आईचा आणि अनोळखी बाईचा. शब्द मुद्दाम अर्थहीन निवडले होते, म्हणजे ‘अभ्यास कर’ असा मजकूर मधे यायला नको. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांत आईच्या आवाजाने मेंदूतली बक्षिसाची केंद्रं जास्त उजळली. तेरानंतर चित्र उलटलं : अनोळखी आवाजाला जास्त प्रतिसाद. आईचा आवाज ओळखण्यात कोणी कमी पडलं नाही. कोणत्याही वयाच्या मुलांनी तो जवळजवळ अचूक ओळखला. शिवाय एकूण माणसांच्या आवाजांना मिळणारा प्रतिसाद वयाबरोबर वाढतच गेला. मुलाचा मेंदू घराबाहेरच्या माणसांकडे वळायला लागलेला असतो, कारण पुढचं आयुष्य त्यांच्यात काढायचं असतं. तुमचा मुलगा या वळणाच्या तोंडाशी आहे. मित्राचा व्हॉइस मेसेज शेजारच्या खोलीत कुजबुजला तरी त्याला ऐकू येतो आणि तुमची तिसरी हाक येत नाही, यात कानाचा काही संबंध नाही.

आणखी एका अभ्यासात नऊ ते सतरा वर्षांच्या मुलांना त्यांच्याच आईने केलेल्या टीकेचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. भावनेची केंद्रं पेटली आणि विचार करून आवर घालणारी, समोरच्याच्या मनात काय आहे ते ताडणारी केंद्रं थंडावली. ‘किती वेळा सांगितलं’ या सुरातल्या वाक्याचा अर्थ मुलापर्यंत पोचत नाही, सूर तेवढा पोचतो. म्हणून मी आयांना सांगते : स्वयंपाकघरातून हाका मारू नका. त्याच्या खोलीत जा, नाव घ्या, तो बघेपर्यंत थांबा, मग एकच वाक्य बोला. आठवडाभर असं केल्यावरही तो पुन्हा पुन्हा ‘काय?’ विचारत असेल तर ती माहिती माझ्या कामाची.

वर्गातल्या गलक्याकडे वळते. इथेही आधी वय बघायचं. पंख्याच्या घरघरीसारख्या सरळ गोंगाटात शब्द ओळखणं मुलांना दहा वर्षांच्या आसपास मोठ्यांसारखं जमायला लागतं. पण मागे दोघं बोलत असताना तिसऱ्याचं बोलणं वेगळं काढणं कठीण असतं, आणि त्यात मोठ्यांची बरोबरी व्हायला तेरा किंवा त्याहून जास्त वर्षं लागतात. साठ मुलांचा वर्ग, फरशी, उघड्या खिडक्या, बाहेर रिक्षा. अशा खोलीत सातवीतल्या मुलाकडून बाईंचं काही सुटणं मला नवल वाटत नाही. पण ‘वयच आहे’ म्हणून थांबण्याआधी काही गोष्टी नक्की करून घ्या.

पहिली म्हणजे बेरा कधीचा आहे? बाळ असताना केलेला जुना कागद असेल तर तो आज चालणार नाही. श्रवणनसेचा एक विकार आहे, ऑडिटरी न्यूरोपथी. त्यात आतल्या कानातल्या पेशी ठीक असतात, त्यांचं काम तपासणारी ओएई चाचणी पास होते, पण नसेतून जाणारे संदेश एका तालात जात नाहीत. बेरा जवळजवळ कोरा येतो. रुग्णाची तक्रार ठरलेली असते : ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ पाश्चात्त्य पुस्तकांत हा विकार मुख्यतः नवजात बाळांच्या प्रकरणात भेटतो. आपल्याकडे, विशेषतः म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेतून आलेल्या अभ्यासांत, त्याची सुरुवात किशोरवयात किंवा तरुणपणाच्या उंबरठ्यावर झालेले रुग्ण पुष्कळ दिसतात, आणि त्यांत मुली जास्त. सुरुवातीला ऑडिओग्राममध्ये फक्त खालच्या पट्टीचे आवाज थोडे कमी येतात, त्यामुळे ‘लक्ष नाही’ या नावाखाली वर्षं निघून जातात. तुमच्या मुलाचा बेरा आताचा असेल आणि नॉर्मल असेल तर हा प्रश्न मिटला.

दुसरी गोष्ट मधल्या कानाची. सर्दी, नाकामागची वाढलेली गाठ (अॅडिनॉइड), पडद्यामागे साचलेलं पाणी यामुळे ऐकणं येतं-जातं. ऑडिओग्राम बऱ्या दिवशी काढला तर तो स्वच्छ येतो. टिंपॅनोमेट्री ही कानाचा पडदा आणि मधला कान तपासणारी पाच मिनिटांची चाचणी आहे, ती सर्दीच्या दिवसांत करून घ्या. ‘आता मोठा झाला, थोडं कमी ऐकू आलं तर काय बिघडतं’ हा समज सोडा. न्यूयॉर्कमध्ये डॅन सेन्झ यांच्या प्रयोगशाळेने २०२२ मध्ये जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांचे कान फक्त किशोरवयात तात्पुरते बंद ठेवले. कान मोकळे केल्यानंतरही मोठेपणी त्यांना आवाजातले बारीक चढउतार ओळखणं जड गेलं आणि श्रवणक्षेत्राचे प्रतिसादही कमकुवत आढळले. माणसावर असा प्रयोग करता येत नाही, पण साचलेल्या पाण्याकडे दुर्लक्ष न करायला मला एवढं पुरेसं आहे.

तिसरी गोष्ट, गोंगाटातल्या बोलण्याची प्रत्यक्ष चाचणी. मुलाला गोंगाटात वाक्यं ऐकवून पुन्हा म्हणायला लावायची, दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवायचे. ती त्याच्या रोजच्या भाषेत असली पाहिजे आणि गुण त्याच्या वयाच्या मुलांशी ताडून पाहिले पाहिजेत. यात तो स्पष्ट मागे पडला, एका कानाने फार मागे पडला, किंवा वाचनही अडखळत असेल, तर थेरपीचा विचार जरूर करा. तो निर्णय या गुणांवर आणि वर्गातल्या वागण्यावर घ्यायचा, एन-१वर नाही. त्याचं लक्ष टिकतं का, झोप किती होते, हेही बघा. एका कानाने कमी ऐकू येणं, सतत गुणगुण, चक्कर, किंवा गुणांची अचानक घसरगुंडी यांपैकी काही असेल तर वाट पाहू नका. तोवर शाळेला सांगून त्याला पहिल्या-दुसऱ्या बाकावर, दारा-खिडकीपासून दूर बसवा. साधी गोष्ट आहे, पण माझ्या पाहण्यात तिचा उपयोग महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा लवकर होतो.

आता गाण्याचा क्लास. क्राउस यांच्याच गटाने २०१५ मध्ये शिकागोच्या गरीब वस्त्यांतल्या शाळांमधली चाळीसेक मुलं घेतली. काही शाळेच्या बँडमध्ये शिकत होती, काही त्याच वेळात शारीरिक कवायतीच्या प्रशिक्षणात होती. हायस्कूल सुरू होण्याआधी एकदा आणि तीन वर्षांनी पुन्हा त्यांचे प्रतिसाद मोजले. संगीतवाल्यांच्या श्रवणक्षेत्राचा प्रतिसाद प्रौढ रूपाकडे जास्त वेगाने गेला, आणि ब्रेनस्टेमच्या प्रतिसादातला एकसारखेपणा त्यांच्यात जास्त टिकला. शब्दांतले ध्वनी वेगळे ओळखण्यात दोन्ही गट सुधारले, संगीतवाले जास्त. चौदाव्या वर्षी सुरुवात करूनही फरक दिसला, ही त्यातली मोलाची गोष्ट. ‘लहानपणीच शिकायला हवं होतं’ असं म्हणत हळहळायचं कारण नाही. अभ्यास छोटा होता, मुलांनी गट स्वतः निवडले होते, आणि फरक वर्षांनी दिसला, महिन्यांनी नाही. त्यामुळे तबला, हार्मोनियम, गाणं, त्याला जे आवडतं ते शिकू द्या, पण औषध म्हणून त्याच्या माथी मारू नका. चौघांबरोबर वाजवायला मिळालं तर उत्तम, कारण तिथे दुसऱ्याचं ऐकावंच लागतं.

ढोल-ताशा पथकाबद्दल पुण्या-नाशिकचे आईवडील हमखास विचारतात, म्हणून सांगते. ताल शिकायला पथकासारखी जागा नाही, पण ताशाच्या शेजारी आवाज शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. कामाच्या ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या हिशेबाने शंभर डेसिबलला दिवसातली पंधरा मिनिटं पुरे, आणि सराव जून-जुलैपासून रोज काही तास चालतो. कापसाचे बोळे फारसे उपयोगाचे नाहीत. फोमचे इअरप्लग नीट पिळून आत बसवायला शिकवा. कुजावा आणि लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवर दाखवलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी कानातल्या पेशी आणि नस यांच्यातले पुष्कळ जोड कायमचे गेलेले असू शकतात. तेव्हा ‘दुसऱ्या दिवशी दडे उघडले’ याचा अर्थ नुकसान झालं नाही असा होत नाही. इअरफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब मुलांना आठवड्याला चाळीस तास, ७५ डेसिबलपर्यंत असा आहे. आवाज दर तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मी करायची. बऱ्याच फोनमध्ये आता ही नोंद आपोआप राहते. ती त्याच्याबरोबर बसून बघा.

कॉर्टिकल चाचणी पुन्हा करायचीच असेल तर वर्षभराने करा. यंत्र तेच, आवाज तोच, दोन आवाजांतली उसंत एक सेकंदाहून जास्त, वेळ सकाळची आणि मूल टक्क जागं. आधीचा मूळ आलेख, नुसता शेरा नव्हे, मागून घेऊन सोबत न्या. पी-१ आणखी बुटका आणि थोडा डावीकडे, एन-२ उथळ, आणि मधली खाच खोल झालेली दिसली, तर त्याचं काम ठरल्याप्रमाणे चाललं आहे.